हिरव्या टोपीची भानगड

ऐकलंत का? सी विंगमध्ये नवं बिऱ्हाड आलंय ना, त्यांच्या गाडीत म्हणे साधी हवा आहे. साधी! पंपावर फुकट मिळते ती! गाडी पंधरा-सोळा लाखांची, वर काचेचं छप्पर काय, पुढच्या पडद्यावर मागचं दिसतं काय, आणि चाकांत हे. भिशीत बातमी फुटली तेव्हा कोथिंबीरवडीची बशी ज्याच्या त्याच्या हातात तशीच राहिली. “कशावरून?” मी विचारलं. कुणाच्या घरातलं असं चव्हाट्यावर आणायचं तर पुरावा नको? पुरावा होता. ए विंगच्या वहिनी सकाळी फिरायला उतरल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चारही टोप्या काळ्या!

ज्या भाबड्या वाचकांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकात हवा भरायचा जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडावर एक इवलीशी टोपी असते. ती काळी असेल तर आत हवा, हिरवी असेल तर नायट्रोजन. आमच्या नाशिकात हल्ली माणसाची पत या टोपीवरून ठरते. मुलगी बघायला आलेल्या मंडळींची गाडी गॅलरीतून न्याहाळताना पूर्वी आम्ही नंबर बघायचो, एमएच पंधरा की एमएच बारा. आता टोप्या बघतो. परवा एका मुलाची माहिती सांगताना त्याच्या मावशीने शिक्षण, पगार, गंगापूर रोडचा फ्लॅट एवढं झाल्यावर शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, “आणि गाडीत पहिल्यापासून नायट्रोजनच आहे हं.” जणू मुलगा निर्व्यसनी आहे!

या सगळ्याचे मूळपुरुष म्हणजे बी विंगमधले, बँकेतून निवृत्त झालेले काका. नायट्रोजन भरल्यापासून गाडी हलकी झाली, हे त्यांचं पहिलं वचन. मग ॲव्हरेज वाढलं. मग टायर गार राहायला लागले. गेल्या संक्रांतीला तिळगूळ घेताना ते म्हणाले की आता पंक्चरसुद्धा होत नाही. म्हणजे रस्त्यावरचा खिळा आधी आत काय आहे याची चौकशी करतो आणि नायट्रोजन म्हटल्यावर आदराने बाजूला होतो. मी तोंडात तिळगूळ असल्यामुळे गोड बोलले.

पण मी शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पोरांकडून हवेचे घटक मीच पाठ करून घेतलेत. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते ऐकून काही घरांत भांड्याला भांडं लागेल, माझा नाइलाज आहे. ती जी साधी, फुकटची, काळ्या टोपीची हवा आहे ना, तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आधीपासून. २१ टक्के ऑक्सिजन, आणि उरलेल्यात बहुतेक आर्गॉन. म्हणजे सी विंगवाल्यांच्या चाकांतही चार हिश्श्यांतले तीन हिस्से तेच आहे, ज्याचे काका पैसे मोजतात. आर्गॉनचे पैसे अजून कुणी लावले नाहीत, पण पंपवाल्यांच्या कानावर गेलं तर तेही होईल. टोपी जांभळी करतील.

ही बातमी कानोकानी गेली तेव्हा काकांनी तीन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी मुद्दाम एका पंपावर गाडीतून उतरून सगळा सोहळा बघितला. फुकट हवेची नळी कोपऱ्यात, डबक्यात पडलेली, तिच्याजवळचा मुलगा जेवायला गेलेला. पंपांनी वाहनांना हवा फुकट द्यायची असा तेल कंपन्यांचा नियम आहे, पण मुलाने जेवू नये असा नाही. नायट्रोजनची टपरी मात्र दर्शनी, हिरवी-पांढरी, वर उडणाऱ्या विमानाचं चित्र. तिथला पोरगा टोपी काढतो, व्हॉल्व्हमधली पिन दाबतो, फुस्स करून आतली हवा सोडतो. टायर बसतो. मग पातळ पिवळी नळी जोडतो, यंत्रावर आकडा लावतो, यंत्र ‘टीं टीं’ करतं, हिरवी टोपी बसते, आणि मालक गाडीत बसताना किंचित ताठ होतो. तो ताठपणा बघण्यासारखा असतो.

आता प्रश्न असा की त्या यंत्रात नायट्रोजन येतो कुठून? अहो, हवेतूनच! टपरीच्या मागे एक कॉम्प्रेसर असतो, तो तिथली हवा ओढतो, गाळणीतून ऑक्सिजन वेगळा करून सोडून देतो आणि राहिलेलं टाकीत भरतो. ‘तिथली हवा’ म्हणजे, मी ज्या पंपावर बघितलं तिथे, जिकडे स्वच्छतागृहाची खिडकी उघडते तिथली. हे काकांना सांगू की नको, या विचारात आहे.

याच्याही पुढची भानगड हिशेबाची आहे. टायर बसला म्हणजे रिकामा झाला असं समजू नका. बाहेरच्या वातावरणाइतकी हवा आत उरतेच, आणि तो दाब साडेचौदा पौंडांच्या वर असतो. गेजवर बत्तीस पौंड दिसतात ते त्याच्या वरचे. म्हणजे आत जे भरलं गेलं त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा जुनी हवाच. यंत्राचा नायट्रोजन ९५ टक्के शुद्ध धरला, तरी चाकात नव्वदच्या आसपास. त्याहून शुद्ध नायट्रोजन हवा असेल तर भरा, सोडा, पुन्हा भरा, असं दोन-तीनदा करायला हवं. मागे सहा गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असताना तो पोरगा ते करेल का? आणि जे महिन्याकाठी ‘टॉप-अप’ करतात त्यांची तर गोष्टच निराळी. साध्या हवेचे अठ्ठावीस पौंड आत आहेत, वर चार पौंड नायट्रोजन मारला, तर ७८ चे होतात साडेएकोणऐंशी. टक्क्या-दीड टक्क्यासाठी चाकामागे पाच-दहा रुपये. एरवी भाजीवाल्याने सुटे दोन रुपये परत दिले नाहीत तर याच मंडळींचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येतो.

गाडी हलकी झाल्याचं म्हणाल, तर तेही मोजून झालं. मोटारीच्या एका टायरमधल्या सगळ्या हवेचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. नायट्रोजन हवेपेक्षा तीन टक्क्यांनी हलका. चारही चाकं धरून फरक बारा-पंधरा ग्रॅम. काकांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा त्याहून कितीतरी जड, आणि काकूंनी मागच्या सीटवर ठेवलेल्या पापडांच्या डब्याबद्दल मी बोलतच नाही.

नायट्रोजन वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याची बदनामी करून मला काय मिळणार? तो कोरडा असतो, ही त्याची चांगली बाजू. साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी वेळेवर काढलं नाही तर तेच पाणी हवेबरोबर चाकात जातं. शिवाय नायट्रोजन रबरातून हळू झिरपतो, ऑक्सिजन त्याच्या तिपटीने. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टायरचे ३१ प्रकार घेऊन ही परीक्षा केली होती. काहींत हवा, काहींत नायट्रोजन, सगळे तीस पौंडांवर, आणि वर्षभर नुसते ठेवून दिले. वर्षाअखेर हवेवाले सरासरी ३.५ पौंडांनी उतरले, नायट्रोजनवाले २.२ पौंडांनी. वर्षाला १.३ पौंडांचा फरक! एवढ्यासाठी माणसं काळ्या टोपीवाल्यांशी बोलायची थांबली आहेत.

आणि या झिरपण्यातून जे निष्पन्न होतं ते तर फारच अब्रू घालवणारं आहे. डी विंगला एक आजोबा आहेत. जुनी मारुती, दर पंधरवड्याला पंपावर जाऊन फुकट हवा घेणार, वर त्या मुलाला काही देणार नाहीत. सगळी सोसायटी त्यांना चिकट म्हणते. पण विज्ञान काय म्हणतं बघा. त्यांच्या टायरमधून ऑक्सिजन भराभर जातो, नायट्रोजन रेंगाळतो. आजोबा वरून पुन्हा हवा भरतात, तिच्यातलाही ऑक्सिजन जातो, नायट्रोजन राहतो. असं वर्षानुवर्षं चाललं की आतलं नायट्रोजनचं प्रमाण आपोआप ऐंशीच्या पुढे सरकतं. म्हणजे फुकटात! काळ्या टोपीखाली! मी हे भिशीत सांगितलं तेव्हा एकीने अक्षरशः कानावर हात ठेवले.

काकांचा हुकमी पत्ता अर्थात विमानाचा. “विमानात नायट्रोजन का भरतात मग?” असं ते विचारतात आणि आपण निरुत्तर होण्याची वाट बघतात. भरतात, खरं आहे. विमानाच्या चाकात दोनशे पौंडांच्या घरात दाब असतो, उतरताना ब्रेक भयंकर तापतात, आणि वर आभाळात उणे पन्नास अंशांत आतल्या दमट हवेचा बर्फ होऊ शकतो. १९८६ साली मेक्सिकोत एका बोइंग ७२७ च्या तापलेल्या चाकाचा हवेतच स्फोट होऊन १६७ माणसं गेली. त्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. तिथे तो नियम माणसं गेल्यावर कडक झालाय, त्याची थट्टा नाही. पण काका, तुमची गाडी इंदिरानगरहून सिटी सेंटर मॉलला जाते. तीही दुसऱ्या गिअरमध्ये.

सरकारदरबारीही हा विषय पोचला होता, हे मात्र काकांच्या बाजूने सांगायला हवं. २०१९ साली नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं होतं की टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणं आणि हवेऐवजी नायट्रोजन भरणं सक्तीचं करण्याचा विचार आहे. काकांनी ते कात्रण फ्रिजवर चिकटवलंय.

मग आला समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. ताशी १२०ची मुभा, सरळसोट काँक्रीट, आणि टायर फुटल्याच्या बातम्या. तेव्हापासून आमच्याकडे टायरवैद्यांचं पेव फुटलंय. त्यातल्या बहुतेकांचा एकच उपाय: “उन्हाळ्यात नागपूरकडे जाताना हवा चार पौंड कमी ठेवा, तापून फुगते ना ती.” ऐकायला किती पटतं! माझ्या सख्ख्या मावसदिराने हेच केलं, आणि निघताना अंगणात सगळ्यांना ओरडून सांगितलंही. अहो, हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, वाकतात, आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो. मे महिना, बाराशे किलो वजन, डिकीत आंब्यांच्या पेट्या, आणि हा पठ्ठ्या टायर मऊ करून निघालाय. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पौंड वाढतो. नायट्रोजन असला तरी तेवढाच वाढतो, गे-ल्युसॅकचा नियम टोपीचा रंग बघत नाही. आणि ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक कागद चिकटवलेला दिसतो, किती हवा ठेवायची ते त्यावर लिहिलेलं असतं. मावसदिरांना गाडी घेऊन बरीच वर्षं झाली. तो कागद त्यांनी पहिल्यांदा मी दाखवला तेव्हा पाहिला. त्यावर त्यांनी आधी गणपतीचं स्टिकर लावलं होतं.

याउलट दुसरा पंथ. टायरच्या कडेला ‘५१’ असा आकडा वाचून तेवढी हवा भरणारा. तो आकडा कमालमर्यादेचा असतो, रोजच्या जेवणाचा नव्हे. हे गृहस्थ आमच्याच गल्लीत राहतात. गतिरोधकावरून त्यांची गाडी जाते तेव्हा मागे बसलेल्या सासूबाई काचेतून दिसतात, मग दिसत नाहीत, मग पुन्हा दिसतात.

चाकातल्या हवेवरून अशी हसं होण्याची परंपरा जुनी आहे बरं का. १८८७च्या सुमाराला बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुराढोरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर हादरे बसतात म्हणून त्याने रबरी नळी चाकाला गुंडाळली आणि फुटबॉलच्या पंपाने फुगवली. शेजाऱ्यांनी काय काय म्हटलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. गुरांचा डॉक्टर, याने औषध द्यावं, शिंगं बघावी. चाकं कसली फुगवतोय? १८८८मध्ये त्याने पेटंट घेतलं. ते जाडजूड टायर बघून लोक रस्त्यात खिदळायचे. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने तेच टायर लावून बेलफास्टच्या शर्यती मारल्या आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. पण खरी भानगड पुढे निघाली. हवेचं चाक त्याच्याही चाळीसएक वर्षं आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने घोडागाडीसाठी काढून, पेटंट घेऊन ठेवलं होतं आणि जग ते साफ विसरलं होतं! डनलॉपचं पेटंट रद्द झालं. तोवर कंपनी उभी राहिली होती, आणि नाव तर आजही त्याचंच घेतात. बिचारा थॉमसन. त्याच्या काळी भिशी असती तर एवढं विसरायला झालं नसतं.

सायकलवाल्यांचा विषय निघालाच आहे तर तेही होऊन जाऊ दे. आमच्या नाशिकचे महाजन डॉक्टरबंधू २०१५ साली अमेरिका आडवी कापणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण करून आले, आणि तेव्हापासून गावात ज्याच्याकडे गुडघे आहेत तो सायकलीवर. त्यांचं कौतुक आहेच. पण मागून आलेल्या भक्तांचं काय करायचं? त्यांना हवाही चालत नाही आणि नायट्रोजनही नाही. त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो. अंगठ्याएवढी पोलादी नळकांडी असते, सोळा ग्रॅमची. टायर पंक्चर झाला की ट्यूब बदलायची, नळकांडं व्हॉल्व्हला लावून पिळायचं, दोन-चार सेकंदांत टायर टणक आणि हातातल्या नळकांड्यावर पांढरं दहिवर. त्र्यंबक रोडला भर उन्हात हे बघितलं तेव्हा मीही क्षणभर हरखले. पण सांगू नये ते सांगते. कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा खूपच लवकर निसटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ. मग हे वीर ज्याच्याकडून ट्यूब घेतली त्या पंक्चरवाल्याकडे जाऊन भांडतात की तुझीच ट्यूब फुटकी. तो आपला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबतो, फिरवतो, एक बुडबुडा येत नाही. शेवटी डोळे मिटून हातपंपाने हवा भरून देतो. घरी आल्यावर तो वायू सोडून साधी हवा भरायची, एवढंच करायचं असतं. पण साधी! काय म्हणतील लोक?

त्यांच्यातल्याच एकाला आता हेलियम भरायचा आहे. फुग्यातला. सायकल वर खेचली जाईल असं त्याला वाटतंय. हेलियम याहूनही लवकर पळतो, हे मी त्याच्या आईला सांगितलंय, त्याला नाही. त्याला चढावर भेटू दे.

परदेशातही शहाणे काही कमी नाहीत. एका मैत्रिणीचा भाचा मॉन्ट्रियलला आहे. तिकडे क्युबेकात डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत हिवाळी टायर लावणं कायद्यानेच बंधनकारक. पहिल्या वर्षी टायर बदलायला गेला तर तिथल्या कामगारांनी त्याला गंभीर चेहऱ्याने विचारलं, “टायर हिवाळी, पण हवा उन्हाळीच ठेवायची का?” हा आपला सरळ मुलगा. त्याने मावशीला फोन लावला, मावशीने मला. तिकडच्या गॅरेजमध्ये नव्या पोरांना ‘हिवाळी हवेची टाकी’ आणायला पाठवण्याची थट्टा फार जुनी आहे म्हणे. गंमत अशी की वीस अंशांत भरलेली गाडी उणे वीसमध्ये गेली तर सहा-सात पौंड दाब खरंच कमी होतो, म्हणजे हिवाळ्यात वरून हवा भरावीच लागते. ती हिवाळीच म्हणायची ना मग? मी मैत्रिणीला म्हटलं, त्याला सांग, भर.

आणि आता सगळ्यात ताजी. ही अजून ए विंगच्या वहिनींनाही माहीत नाही, तेव्हा कुणाला बोलू नका. परवा कारच्या सामानाच्या दुकानात पायपुसणी घ्यायला गेले होते. काउंटरवर, सुगंधी झाडांच्या आणि लिंबू-मिरचीच्या प्लास्टिकच्या झुंबरांच्या शेजारी, छोट्या पिशव्या टांगलेल्या. आत चार-चार हिरव्या टोप्या. नुसत्या टोप्या! “नायट्रोजन?” मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “ताई, तो तुमचा तुम्ही बघा. टोप्या चांगल्या जातात.” कोण नेतं, ते सांगायला तो तयार नाही. पण पिशव्यांच्या त्या माळेतल्या निम्म्या हुकांवर काही नव्हतं, आणि त्या दुकानापासून जवळची सोसायटी एकच. आमची. तेव्हा त्या निर्व्यसनी मुलाच्या मावशीला मी निरोप पाठवलाय की मंडळी पुढच्या खेपेला येतील तेव्हा गाडी जरा खाली, उजेडात लावा.